ग्रॅनाइटचा शोध: आधी कोअर ड्रिलिंग की थेट चाचणी खाण?

पुण्यात पायाखाली सगळा बेसॉल्ट. त्यामुळे देगलूरकडच्या जमिनीतला ग्रॅनाइट इमारतीच्या दगडासाठी तपासायचा कसा, यावर माझा आतेभाऊ अडलाय: कोअर ड्रिलिंग करू, म्हणजे पोकळ ड्रिलने खडकाचा गोल दांडा (कोअर) बाहेर काढू, की छोटी खाण उघडू?

खर्चात ड्रिलिंग स्वस्त, जमीनही फारशी बिघडत नाही. मातीखाली झिजलेला थर किती, खोलवर रंग बदलतो का, हे कळतं. पण पाचेक सेंटिमीटर जाडीच्या कोअरवर भाळू नका. कोअरचा दर्जा मोजताना १० सेंटिमीटरचा अखंड तुकडाही जमेस धरतात. आपल्याला मीटर-दोन मीटरचा सलग ठोकळा हवा. शिवाय उभ्या भेगा उभ्या भोकाला सहसा सापडत नाहीत. काही भोकं तिरकी घ्याच.

चाचणी खाणीत पैसा, वेळ, परवानग्या सगळंच जास्त. पण काढलेल्या दगडातून विकण्याजोगे ठोकळे किती निघतात, याचं खरं उत्तर तिथेच मिळतं. एक पॉलिश केलेला तुकडा पावसाळाभर गच्चीवर ठेवा. तांबूस डाग उमटले तर पायराइटची, म्हणजे गंजणाऱ्या लोह-गंधक खनिजाची, शंका घ्या.

उघडा खडक भरपूर असेल, तर टेपने भेगांमधलं अंतर मोजा आणि छोटी खाण उघडा. मातीने झाकलेला असेल, तर आधी ड्रिलिंग. भेगा हातभर अंतरावरच असतील, तर दोन्ही खर्च वाचवा. तो दगड खडीचा.