रक्तदान की प्लेटलेटदान: नेहमीच्या रक्तदात्याने काय निवडावं?

शिबिरात नेहमी रक्त देणाऱ्याला कधीतरी रक्तपेढीतून फोन येतो, "प्लेटलेट्स द्याल का?" प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवून रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी. हो म्हणण्याआधी वेळेचा हिशेब बघा. शिबिरात ३५० किंवा ४५० मिलीलिटर रक्त दहाएक मिनिटांत निघतं आणि फॉर्म, तपासणी, चहा-बिस्किटं धरून तासाभरात माणूस मोकळा होतो. प्लेटलेट्ससाठी आधी रक्ताचा नमुना घेतात, काउंट (प्लेटलेट्सची संख्या) आणि संसर्गाच्या चाचण्यांचे अहवाल येईपर्यंत थांबवतात आणि मग रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या काढणाऱ्या यंत्राला जोडतात. तिथे तास-दीड तास, कधी त्याहूनही जास्त. अर्धा दिवस मोडणार, असंच धरून चाला.

मग हा खटाटोप का? ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाला किमो सुरू झाली की त्याच्या अस्थिमज्जेत प्लेटलेट्स तयार होणं जवळजवळ थांबतं. हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. परळच्या टाटा रुग्णालयात असे रुग्ण देशभरातून येतात आणि त्यांना प्लेटलेट्स एकदा नाही, आठवडेच्या आठवडे लागतात. रक्ताच्या एका पिशवीतून निघणाऱ्या प्लेटलेट्स मोठ्या माणसाला पुरत नाहीत. पाच-सहा दात्यांच्या पिशव्या एकत्र कराव्या लागतात. यंत्रावर एकच दाता तेवढ्या देतो. दाते कमी, म्हणजे संसर्गाचा धोका कमी आणि रुग्णाच्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होण्याची शक्यताही कमी.

पावसाळ्यात डेंग्यूसाठी व्हॉट्सअॅपवर जी धावपळ दिसते, तिच्यावरून गरजेचा अंदाज बांधू नका. डेंग्यूच्या बहुतेक रुग्णांना प्लेटलेट्स द्याव्याच लागत नाहीत; रक्तस्राव होत असेल किंवा काउंट दहा हजारांच्या खाली गेला असेल तरच डॉक्टर सहसा तो विचार करतात. कॅन्सर वॉर्डातली गरज मात्र बाराही महिने असते.

दात्याच्या शरीराच्या बाजूनेही मला प्लेटलेटदान उजवं वाटतं. यंत्र प्लेटलेट्स आणि थोडा प्लाझ्मा (रक्तातला द्रवभाग) ठेवून लाल पेशी परत देतं, त्यामुळे लोह फारसं जात नाही. म्हणून रक्तदानात पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं, तर इथे ४८ तासांनीही पुन्हा देता येतं. आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षातून २४ वेळा. संपूर्ण रक्त दिलं असेल तर मात्र २८ दिवस जाऊ द्या. यंत्रातला किट प्रत्येक दात्यासाठी नवा असतो. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे ओठांना, बोटांना मुंग्या येतात. लगेच सांगा, यंत्राचा वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात.

अटी जरा कडक आहेत. रक्तदानाला ४५ किलो वजन चालतं, इथे ५० लागतं. काउंट किमान दीड लाख हवा, गेल्या तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतलेली नको आणि कोपरातली शीर ठळक हवी. शीर बारीक असेल तर हट्ट करू नका. यंत्र मोठ्या रक्तपेढ्यांतच असतं, तेव्हा तालुक्याच्या गावातून त्यासाठी दिवसभराचा प्रवास करण्यापेक्षा गावच्या शिबिरात रक्त द्यावं. बाळंतपणात, अपघातात, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना मुख्यतः लाल पेशी लागतात. ती गरज प्लेटलेट्सने भागत नाही.

शहरात राहणाऱ्या, वजन-शीर ठीक असलेल्या आणि आधी एक-दोनदा रक्त दिलेल्या माणसाने मात्र प्लेटलेट्सकडे वळावंच, असं माझं ठाम मत आहे. जयंती-पुण्यतिथीच्या शिबिरांत एका दिवशी पिशव्यांचा ढीग जमतो. त्यातल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच. दिवाळीत आणि मे महिन्यात दाते गावी गेले की पेढ्या रिकाम्या होतात आणि नातेवाईक दाता शोधत फिरतात. म्हणून वाढदिवसाचा मुहूर्त न धरता जवळच्या रक्तपेढीत नाव, रक्तगट आणि फोन नंबर देऊन ठेवा, सुट्टीत शहरातच असाल तर तेही आवर्जून सांगा, आणि बोलावतील त्या दिवशी पोटभर जेवून जा.