जुन्या लेन्सवर जुना, स्वस्त हूड: नागपूरच्या उन्हात वापरल्यावर

हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी, बाजूचं ऊन अडवणारी नळी. सोनी ए६००० कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून मी दोन जुन्या लेन्स वापरतो, पेंटॅक्सची सुपर-टाकुमार ५५ एमएम एफ/१.८ आणि हेलिओस ४४-२. दोघींचा फिल्टर थ्रेड (तोंडावरचे आटे, ज्यात फिल्टर किंवा हूड बसतो) ४९ एमएमचा, म्हणून एकच हूड दोन्हीकडे चालतो. मागच्या पोळ्याच्या आधी काही वापरलेले हूड घेतले, एकेक दीडदोनशेला. मे संपेपर्यंत तेच लावून फोटो काढले.

फरक पडतो, पण सगळीकडे नाही. पेंटॅक्सने टाकुमारवर अनेक थरांचं कोटिंग (काचेवरची चमक कमी करणारा लेप) आणलं ते १९७१ मध्ये. माझी त्याआधीची, एका थराची. अशा काचेवर बाजूने ऊन आलं की फोटोवर दुधाळ थर चढतो. फुटाळा तलावावर सूर्य फ्रेमच्या किंचित बाहेर ठेवून भुट्टेवाल्याचा फोटो घेतला. हूड असताना त्याच्या काळ्या छत्रीच्या काड्या मोजता येत होत्या, काढल्यावर अख्खी छत्री राखाडी. सूर्य फ्रेममध्येच असेल तर मात्र हूड लावा नाहीतर काढून ठेवा, सारखंच.

खरी गोम लांबीत आहे. ए६००० चा सेन्सर क्रॉप, म्हणजे जुन्या फिल्मच्या आकाराच्या ‘फुल फ्रेम’पेक्षा लहान; त्यावर ५५ ची लेन्स फुल फ्रेमवरच्या साधारण ८२ एमएमएवढंच दाखवते. त्यामुळे ‘५० एमएम लेन्ससाठी’ म्हणून विकला जाणारा आखूड हूड इथे अर्धंच काम करतो. ८५ च्या मापाचा मला नेमका बसला. १३५ चा लावला तर कोपरे काळे. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, गच्चीवर जा: फोकस अनंतावर, अॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) एफ/१६ इतकं बारीक, समोर कोरं आकाश, आणि फोटोचे कोपरे काळे होतात का बघा. अॅपर्चर पूर्ण उघडं असलं की कडा हळूहळू अंधारतात आणि कळत नाही. जवळच्या फोकसला दिसणारा कोन आक्रसतो, तेव्हा कोपरे स्वच्छ दिसून फसायला होतं. खाली यूव्ही फिल्टर ठेवत असाल तर तो लावूनच बघा, कारण हूड तेवढा पुढे सरकतो.

रबरी हूडबद्दल माझं मत मेमध्ये बदललं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीतल्या रेटारेटीत तो दबला, परत उघडला, लेन्सला काही झालं नाही. तेव्हा वाटलं, हाच घ्यावा. मग उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत राहिला आणि असा चिकट झाला की बोटं काळी. आता धातूचाच. तो धक्का थेट थ्रेडवर देतो, एवढं लक्षात असू द्या.

घेताना आत बघा. ब्रँडपेक्षा आतला काळा रंग महत्त्वाचा. तो उडून धातू चमकत असेल तर हूडच उजेड काचेवर टाकतो. माझ्या एकात गांधीबागेतून आणलेल्या काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली, उत्तम चालते. कापलेली कड फेव्हिकॉलने बंद केली नाही तर तंतू काचेवर येतात. थ्रेड तिथल्या तिथे फिरवून बघा, अडकला तर सोडून द्या. आणि फोकस करताना पुढचा भाग फिरणाऱ्या जुन्या झूमवर पाकळ्यांचा हूड घेऊच नका, पाकळ्या कोपऱ्यांत येतात.

एक कटकट कायमची आहे: खोल हूडमध्ये बोटं जात नाहीत, कडेने दाबायची कॅप काढता येत नाही. मधून चिमटीत पकडायची कॅप वेगळी घ्यावी लागते.