काउंट ऑन झकास शिकवलं, पण क्लासलाच कुलूप!

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी डिस्पॅच बघतो. जूनमध्ये इंग्लंडच्या कस्टमरचा फोन आला, "कॅन वी काउंट ऑन फॉर्टी बॉक्सेस बाय फ्रायडे?" मी छातीठोकपणे म्हणालो, "येस सर, काउंटिंग डन. थर्टी टू." पलीकडे शांतता. साहेबांनी फोन काढूनच घेतला. त्याच आठवड्यात भोसरीतल्या एका स्पोकन इंग्लिश क्लासला साडेचार हजार भरले.

मॅडमना पैकीच्या पैकी मार्क. फळ्यावर "काउंट ऑन" लिहून म्हणाल्या, मोजणं विसरा, मराठीत काय म्हणाल? मागून एक काका ओरडले, "भरवशाची म्हैस!" सगळे हसले, मॅडमनी मात्र तीच म्हैस पकडली. टोणगा झाल्यावर मालक काय म्हणेल? "आय वॉज काउंटिंग ऑन हर." इथे आयएनजी चालतो. पण "ट्रॅफिकवर आहे" म्हणायचं तर "इट डिपेंड्स ऑन द ट्रॅफिक", "इट इज डिपेंडिंग" नाही. मी वर्षानुवर्षं मेलमध्ये तेच लिहीत आलोय! "काउंट ऑन मी"च्या मधे माणूस घुसवायचा नाही. "काउंट मी इन" वेगळं, म्हणजे मलाही धरा. "डोन्ट बँक ऑन इट" म्हणजे त्या भरवशावर राहू नका. आणि "फॉल बॅक ऑन"ला उदाहरण एफडीचं: पगार थकला की जिच्याकडे वळावं लागतं ती.

बाकी कारभार मात्र रामभरोसे. बॅच बारा जणांची सांगितली, बसलो सव्वीस. छापील नोट्समध्ये "काउंट ऑन"समोर चक्क "वर मोजणे". मॅडमनीच पेनने खोडायला लावलं.

तिसऱ्या शनिवारी तर कहर झाला. हाफ डे टाकून, भर पावसात बाइकवर गेलो, तर शटर खाली. ना फोन, ना मेसेज. आम्ही पाच-सहा जण पायरीवर निथळत उभे आणि डोक्यावर क्लासचा बोर्ड: "यू कॅन काउंट ऑन अस". काकांनी वर बघितलं, रुमालाने चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, "टोणगा."

तो बुडालेला तास अजून भरून दिलेला नाही. मॅडमसाठी जायचं तर जा, पण फी एकरकमी भरू नका. हप्ते करून देतात, फक्त मागावे लागतात. पाचपैकी तीन स्टार, तिन्ही मॅडमचे.