पलंगाचे आठ बोल्ट : पुणे ते बंगळुरू सामान हलवल्यानंतरचे सहा महिने

गेल्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून बंगळुरूला बिऱ्हाड हलवले. तेव्हा लगेच लिहिले असते, तर मी सामान हलवणाऱ्या कंपनीची स्तुतीच केली असती. कारण सामान बांधायला आलेल्या चौघांनी आईची लोणच्याची बरणी आधी कागदात, मग जुन्या गोधडीत गुंडाळून खोक्यात अशी बसवली, की सुमारे साडेआठशे किलोमीटर जाऊनही तिचा टवका उडाला नाही.

तीन ठिकाणांहून दर मागवले होते. २९ हजारांचा दर सामान न पाहता फोनवरच सांगितला गेला, म्हणून तो सोडला. ज्यांच्या माणसाने घरी येऊन यादी केली, त्यांना ४४ हजार दिले. त्यात ई-वे बिलाचे (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाचे) म्हणून ७०० रुपये लावले होते, पण वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही, हे दाखवताच मुकाट्याने वगळले.

प्रश्न राहिला तो पलंगाच्या आठ बोल्टांचा. मुकादमाने ते माझ्यासमोर पिशवीत घातले आणि पिशवी फळीला चिकटपट्टीने बांधली. यादीत मात्र ‘पलंग, १ नग, सुटा’ एवढीच नोंद झाली. बंगळुरूत फळी आली, तिच्यावरची चिकटपट्टीही आली, पिशवी आली नाही. कार्यालयात अकरा फोन केले, दरवेळी ‘साहेब, आज पाठवतो’ हेच उत्तर. एस. पी. रोडवर मिळालेले बोल्ट एक सूत जाड निघाले आणि सुताराने भोके मोठी करून देईपर्यंत आम्ही पाच आठवडे जमिनीवर गाद्या टाकून झोपलो. कपाटाचा आरसाही फुटला होता, पण त्याचे मला इतके वाईट वाटले नाही.

आरशाची भरपाई मागितली, तेव्हा कंपनीबद्दलचे माझे मत खऱ्या अर्थाने बदलले. विम्यापोटी मी सामानाच्या, मीच लिहून दिलेल्या किमतीच्या तीन टक्के भरले होते (काटकसर म्हणून किंमतही एक लाखच लिहिली होती, हा दोष माझा). हातात होते ते विमा कंपनीची पॉलिसी नसून या सामान हलवणाऱ्यांच्याच लेटरहेडवरचे ‘जोखीम पत्र’ होते. पैसे भरण्यापूर्वी पॉलिसी क्रमांक विचारण्याचे मला सुचायला हवे होते. माणसे उत्तम आणि कार्यालय बेभरवशाचे, असा हा प्रकार आहे.

२००७ च्या रस्तेमार्गे मालवाहतूक कायद्यानुसार, वाहतूकदारावर दावा लावायचा असेल, तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते; अकरा फोनांना तिथे किंमत नाही. मी १७१ व्या दिवशी मालपावतीची प्रत जोडून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. नऊ दिवसांनी उत्तर आले, त्यात विम्याचे ३,००० रुपये परत करण्याची तयारी आहे आणि आरशाचे फोटो मागितले आहेत. बोल्टांबद्दल अवाक्षर नाही.