स्पर्धा की चढाओढ?

नियम, परीक्षक आणि बक्षीस ठरलेलं असेल तर ‘स्पर्धा’च. ती भरवतात, घेतात, जिंकतात. ‘वक्तृत्वाची चढाओढ भरवली’ कानाला खटकतं, कारण चढाओढ कुणी भरवत नाही, ती लागते. खिडकीजवळच्या जागेसाठी, खुर्चीसाठी, साहेबांपुढे पुढे पुढे करण्यासाठी. तिच्यात थोडी ढकलाढकली गृहीतच असते, म्हणून बातमीत ‘उमेदवारीसाठी चढाओढ’ जास्त बोलकं. बाजाराबद्दल लिहिताना दोन्ही चालतात.

नवे शब्द घडवायला मात्र स्पर्धा सरस: स्पर्धक, स्पर्धात्मक, प्रतिस्पर्धी. चढाओढीतून फार तर ‘चढाओढीने’ निघतं. घोळ होतो तो स्पर्धक आणि प्रतिस्पर्धी यांच्यात. स्पर्धक म्हणजे भाग घेणारा, प्रतिस्पर्धी म्हणजे समोरचा. ‘आमच्या कंपनीचे स्पर्धक’ असं सर्रास लिहितात. तिथे ‘प्रतिस्पर्धी’ हवं.

अनेकवचनातही ‘स्पर्धा’च राहतं; प्रत्यय लागला की मात्र एक असेल तर ‘स्पर्धेत’, अनेक असतील तर ‘स्पर्धांत’.