जबडा मोडल्यावर: तार की प्लेट?

खालचा जबडा मोडलाय, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) झाला, सीटीही झाली असेल, आणि सर्जन म्हणाले, "दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा." हे ऐकून जे घरी आलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. हाडाचे तुकडे फार सरकले असतील किंवा दोन-तीन जागी मोडलं असेल तर बहुतेक वेळा डॉक्टर विचारतच नाहीत, थेट सांगतात. तिथे माझं ऐकून वाद घालू नका.

माझं फ्रॅक्चर डावीकडे, सुळा आणि त्याच्या मागच्या उपदाढेच्या मध्ये. पावसाळा, इंदूरचा रिंग रोड, स्कूटर. हेल्मेट होतं, पण हनुवटी उघडी राहणारं. (हे पुढचं वाक्य आमच्याकडे बायको पूर्ण करते.)

दोन्हींत हाडाला जोडणारं हाडच असतं. ते जुळेपर्यंत कोणी धरून ठेवायचं, एवढाच प्रश्न. तारेच्या पद्धतीत वरच्या आणि खालच्या दातांवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे आर्च बार, बांधतात आणि मग दोन्ही जबडे एकमेकांना जखडून टाकतात. चार ते सहा आठवडे तोंड बंद. कल्पना फार जुनी आहे. हिप्पोक्रेटिसच्या काळातही फ्रॅक्चरशेजारचे दात सोन्याच्या तारेने बांधत. प्लेटच्या पद्धतीत पूर्ण भूल देतात, तोंडाच्या आतून चीर घेतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या स्क्रूने थेट हाडावर बसवतात. बाहेर व्रण दिसत नाही. एवढीशी पट्टी जबडा कशी धरणार, असं मलाही वाटलं होतं. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या शांपी यांनी याचं गणित बसवलं. चावताना जबड्याच्या वरच्या कडेला ताण येतो आणि खालची कड दाबली जाते, म्हणून ताण येतो तिथेच पट्टी लावली की पुरतं. हनुवटीच्या बाजूला जबडा पिळलाही जातो, म्हणून तिथे दोन लावतात. माझ्या आत दोन पट्ट्या आणि आठ स्क्रू आहेत.

म्हणजे मी काय निवडलं ते कळलंच. पण त्याआधी पाच दिवस मी तारेतही होतो. सूज उतरायची होती, ऑपरेशनची तारीखही मिळायची होती, म्हणून पहिल्याच दिवशी जागेवर इंजेक्शन देऊन जबडा बांधला आणि घरी पाठवलं.

सगळे भीती घालतात ती खाण्याची. इंदूरच्या माणसाला सहा आठवडे पोहे नाहीत, हे ऐकून माझे मित्र माझ्यापेक्षा जास्त कळवळले. पण मुगाचं कढण, ताक, गाळलेली आमटी यांवर दिवस जातात. वजन उतरतं, इतकंच. माझा निकाल लागला तो एका कटरमुळे.

निघताना सिस्टरनी बायकोच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक तारेचं कटर दिलं. "उलटी हुई और साँस अटकी, तो ये खड़े वाले तार काटना. आड़े वाले नहीं." उभ्या तारा चार होत्या. बायकोने त्या मोबाइलच्या उजेडात मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कटर उशाशी ठेवलं. नेमकी मला सर्दी झालेली. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ठसका लागला. डोळे उघडले तर ती कटर उघडून समोर. "कापू?" मी म्हणालो, "नको." दात बंद असताना "नको" आणि "हो" दोन्ही "उं" असेच ऐकू येतात, हे तेव्हा कळलं. मी जोरजोरात हात हलवले. तिला वाटलं, घाई करतोय.

तार वाचली. पण त्यानंतर दोन रात्री ती बसूनच झोपली आणि तिने एकच हिशेब मांडला: असे अजून किती दिवस?

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की पोटात पातळच असतं, पुढे वाकलं की दातांच्या फटींतून आणि दाढांच्या मागून बाहेर पडतं, तार कापायची वेळ क्वचित येते. खरं असणार. दिवसा मलाही पटतं.

आता प्लेटचीही गाऱ्हाणी ऐका, नाहीतर मी एकांगी ठरेन. भुलीची नळी नाकातून घालतात, कारण दात जुळवून बघायला तोंड मोकळं लागतं. शुद्धीवर आल्यावर घसा आणि नाक दोन्ही रुसलेले. बिल तारेच्या कितीतरी पट. प्लेट बसली म्हणजे दुसऱ्या दिवशी गराडू (इंदूरचा तळलेला कंद), असंही नाही. आर्च बार काही दिवस तसेच होते, त्यांवर रबर लावलेले, आणि मऊ खाणं दीड महिना चाललंच. गुटखा-तंबाखू असेल तर तोंडातली जखम चिघळण्याचा धोका वाढतो, आणि आपल्या माळव्यात हे मुद्दाम सांगावं लागतं.

पण दात घासता येत होते. फोनवर बोललेलं समोरच्याला कळत होतं. आणि जबड्याचा सांधा आखडला नाही. माझ्या ओळखीच्या एका काकांनी पाच आठवडे तारेत काढले. नंतर त्यांना दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकेक वाढवत तोंड उघडायचा व्यायाम करावा लागला. त्यांचं हाड मात्र सुरेख जुळलं आणि खर्चही थोडक्यात भागला, हे सांगायलाच हवं. हाड सरकलेलं नसेल, हृदयाचा त्रास असून भूल जोखमीची असेल, किंवा कानाजवळच्या सांध्याशी मोडलं असेल, तर तार किंवा नुसते रबर हाच बरेचदा शहाणपणाचा मार्ग. लहान मुलांचं तर वेगळंच: जबड्यात पक्के दात दडलेले असतात, तिथे स्क्रू घालताना डॉक्टर दहादा विचार करतात, आणि त्यांचं हाड जुळतंही लवकर.

एक गोष्ट ऑपरेशनआधी नक्की विचारा: खालच्या ओठाची नस फ्रॅक्चरच्या किती जवळ आहे? ती नुसत्या मारानेही बधिर होते, पण प्लेट बसवताना तिला बाजूला सारावं लागलं तर आणखी रुसते. माझ्या ओठाला जाग यायला आठ महिने लागले आणि डाव्या कोपऱ्यात चार आण्याएवढी जागा अजून झोपलेलीच आहे. छप्पन दुकानला, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, पोहे खाताना तिथे शेव चिकटली तर मला कळत नाही. समोरून बायको नुसतं बोट दाखवते.