देवगडच्या खाऱ्या वाऱ्यात आठ महिने : जुना डेस्कटॉप आणि लिनक्स मिंट

गेल्या दसऱ्याला घेतलेला सेकंडहँड डेस्कटॉप आता मिरगाचा पहिला पाऊस बघतोय. घेताना ज्याला विचारलं त्याने प्रोसेसरबद्दलच सांगितलं. समुद्राच्या हवेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची हापूसची कलमं आहेत. पेट्यांची चलनं, गडीमाणसांची हजेरी आणि वाशीच्या दलालांकडून येणाऱ्या विक्रीच्या पट्ट्यांचा हिशोब एवढंच काम या मशीनवर चालतं. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि ८ जीबी रॅम. मॉनिटर घरचाच होता, बाकी मशीन साडेबारा हजारांत पडलं. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अशी चांगली मशिनं स्वस्तात निघाली. मी विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली टाकून घेतली. तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत.

सगळ्यात मोठा फरक हार्डडिस्कच्या जागी बसवलेल्या एसएसडीने पडला. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा काटा जागा शोधत पुढेमागे होतो. एसएसडीत हलणारं काहीच नसतं. सुरू व्हायला दीड-पावणेदोन मिनिटं लागायची, ती आता पंचवीस सेकंदांवर आली. एप्रिलमध्ये टेम्पो खळ्यात उभा असतो आणि ड्रायव्हर चलनासाठी हात पुढे करून थांबलेला असतो, तेव्हा हा फरक कळतो. पैसे मोजके असतील तर आधी एसएसडी, मग रॅम. प्रोसेसरचा विचार अगदी शेवटी करा.

आता हवा. आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. जानेवारीत लग्नकार्यासाठी आम्ही पंधरा दिवस बाहेर होतो. परत येऊन बटण दाबलं तर पंखा फिरतोय, पडदा काळा आणि आतून बीपचा आवाज. पुतण्याने कॅबिनेट उघडलं. मागच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके होते. रॅमची पट्टी काढून उजेडात धरली, तर खालचे सोनेरी दात काळपट पडलेले. शाळेच्या खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने घासल्या, कोरड्या ब्रशने भुगा झटकला, पट्टी परत बसवली आणि दोन्ही कडांचा टक् आवाज ऐकला. मशीन लगेच सुरू झालं. तेव्हापासून काम असो-नसो, रोज तासभर चालू ठेवते. चालू मशीन आतून गरम राहतं, त्यामुळे ओल धरत नाही. पावसाळ्यात जपून ठेवायचं म्हणून प्लॅस्टिक घालून बंद ठेवलेलं मशीन लवकर खराब होतं, कारण आतली ओल आतच कोंडते. मी सुती फडकं टाकते, तेही गार झाल्यावर.

त्याच सुमारास मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही संपली. प्रत्येक वेळी तारीख-वेळ चुकल्याचं सांगून एफ-१ दाबायला लावायचं. सीआर २०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळते. जुनं मशीन घेतलंत की ही पहिल्याच दिवशी बदला.

विजेबद्दल मात्र पोटतिडकीने सांगते. आमचं आधीचं मशीन मे महिन्यातल्या वळवात गेलं. गडगडाट सुरू होताच मी प्लग काढला होता, त्यामुळे मला कळेचना. पुतण्या म्हणाला, "काकी, निळी वायर तर जोडलेलीच होती." राऊटर प्लगला होता. झटका लाईटच्या लाईनने राऊटरमध्ये आला आणि तिथून त्याच निळ्या, म्हणजे लॅनच्या, वायरीने थेट मदरबोर्डात शिरला. फायबरच्या काचेतून वीज जात नाही, पण राऊटरचा अडॅप्टर आणि तांब्याची लॅन वायर तिला वाट देतात. आता ढग काळवंडले की तिन्ही काढते: मशीनचा प्लग, राऊटरचा प्लग, लॅनची वायर. यूपीएसवर विसंबू नका. माझा ६०० व्हीएचा आहे, लाईट गेल्यावर फाईल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता तो उत्तम. आकाशातली वीज अडवणं त्याचं काम नाही. यंदा अर्थिंगचा खड्डाही नव्याने भरून घेतला. जांभ्या दगडात ओल टिकत नाही, म्हणून उन्हाळाभर त्यात पाणी ओतलं.

नेट माजघरात येतं आणि मी पडवीत बसते. मधल्या चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गीगाहर्ट्झचं वायफाय पोचतच नाही, २.४ चं कसंबसं पोचतं. म्हणून केबलच टाकली. नेट बंद पडलं की मी आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, राऊटरला पिंग करते, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघते. आमच्याकडे राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. उत्तर आलं म्हणजे घरातली वायर ठीक. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, करते. तिथून उत्तर येतंय पण साईट उघडत नाही, तर बहुतेक डीएनएसची अडचण, म्हणजे नावावरून पत्ता सापडत नाहीये. उत्तरच नाही आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागलाय, तर फायबर तुटलीय किंवा दबलीय. केबलवाल्या दादांना एवढं नेमकं सांगितलं की ते शिडी घेऊनच येतात. एप्रिलमध्ये एकदा माडाची झावळ पडून तुटली होती, ती दोन तासांत जोडून मिळाली.

त्रास दोन झाले. माझ्या जुन्या प्रिंटरचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर नीट चालेना, शेवटी दुसरा घ्यावा लागला. आणि जुनी मराठी बिलं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होती, ती उघडल्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसली. तोच फॉन्ट मशीनवर टाकल्यावर वाचता आली. नवं सगळं आता इनस्क्रिप्टने टाईप करते, तो कीबोर्ड मिंटमध्ये आधीपासूनच असतो. डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्यांनी मात्र लिनक्सवर जाण्याआधी तो चालतो का, ते स्वतः करून बघावं.

काल दुपारी पाऊस थांबल्यावर कॅबिनेट पुन्हा उघडून बघितलं. रॅमचे दात स्वच्छ आहेत. मागच्या पत्र्यावरचा गंज थोडा वाढलाय, तेवढा भाग घासून ठेवला.